चित्राचा रेखीवपणा आणि भिंगाचा दर्जा

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



लग्न, मुंज, शाळेचें स्नेहसंमेलन, वडील माणसांची एकसष्टी, यांपैकीं कोणताहि प्रसंग आतां चलच्चित्रांत मुद्रित झाल्यावांचून राहत नाहीं. पूर्वीं ज्या कामासाठीं चित्रपटवाल्यांचा तांडा बोलवावा लागे, तें काम आज घरांतील एखादा मुलगा खिशांतल्या मोबाइलनें करून मोकळा होतो. परंतु तेंच चित्र पुढें मोठ्या पडद्यावर लावलें म्हणजे पुष्कळदां मन खट्टू होतें. माणसें ओळखूं येतात, पण डोळ्यांतील चमक दिसत नाहीं. साडीचा काठ कळतो, पण त्यावरील वेलबुट्टी कळत नाहीं. आणि चौकटीच्या कडेला उभी असलेलीं मंडळी तर धुक्यांत उभीं राहिल्यासारखीं भासतात. मग दुकानदार सांगतो, "साहेब, आपला कॅमेरा जुना झाला, आतां फोर-के घ्या." नवा कॅमेरा येतो, आणि कित्येक वेळां धुकें मात्र होतें तेथेंच राहतें.

याचें कारण असें कीं, कॅमेऱ्याच्या पोटांतील यंत्र चित्र निर्माण करीत नाहीं. तें केवळ चित्र टिपून घेतें. चित्र निर्माण करतें तें पुढचें भिंग. भिंगानें जें रेखाटलेंच नाहीं, तें मागचें यंत्र कोठून आणणार? आजच्या भाषणांत चित्राचा रेखीवपणा भिंगावर कितपत अवलंबून असतो, आणि तितकेंच महत्त्वाचें म्हणजे कितपत अवलंबून नसतो, याचा विचार करूं.

भिंगाचें काम एका वाक्यांत सांगतां येईल. समोरच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण पुन्हा एकाच बिंदूंत गोळा करणें, एवढेंच तें काम. बिंदूचा बिंदु राहिला तर चित्र रेखीव. बिंदूची टिकली झाली तर चित्र धूसर. कॅमेऱ्यांतील सेन्सर नांवाची पाटी लहान लहान प्रकाशग्राही घरांची बनलेली असते. या घरांना पिक्सेल म्हणतात. आपण त्यांना चित्रकण म्हणूं. साध्या हाय-डेफिनिशन चित्रांत आडव्या ओळींत १९२० आणि उभ्या ओळींत १०८० चित्रकण असतात, म्हणजे एकंदर सुमारें २१ लाख. फोर-के चित्रांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारें ८३ लाख. भिंगाची टिकली एका चित्रकणापेक्षां लहान असेल तोंवर कण वाढविण्याचा लाभ होतो; ती अनेक कणांवर पसरूं लागली म्हणजे अधिक कण घेऊन आपण तीच अस्पष्टता अधिक बारकाईनें मुद्रित करतों.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या तेव्हां असंख्य शिक्षकांनीं फळ्यावरील पाठ मुद्रित करून मुलांकडे पाठविले, आणि ती प्रथा अद्यापि पुष्कळ ठिकाणीं चालूं आहे. तेथें हिशेब असा पडतो: फळा ४ मीटर रुंद आहे आणि तो चौकटींत बरोबर मावला आहे असें धरा. १९२० कण ४ मीटरांवर वांटले म्हणजे एका मीटरला ४८० कण आले. ५ सेंटिमीटर उंचीच्या अक्षराच्या वांट्याला २४ कण. आतां आपल्या देवनागरी लिपींत 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतील भेद एखाद्या बारीक गांठीवर आणि शिरोरेषेंतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. ही गांठ अक्षराच्या दहाव्या हिश्शाएवढी धरली तर ती जेमतेम अडीच कणांची झाली. वर्गाचा २ आणि घनाचा ३ हे आंकडे तर याहूनहि लहान लिहिले जातात. भिंगाच्या टिकलीनें तीन-चार कण व्यापले कीं 'धन' आणि 'घन' एकच, आणि वर्ग व घन हेहि एकच! फळ्याच्या मधल्या भागांत हें सहसा घडत नाहीं, कडेला घडतें. घरीं बसलेला विद्यार्थी प्रश्न विचारूं शकत नाहीं. त्यानें जें वाचलें तें तो वहींत उतरवितो. तेव्हां कोपऱ्यांतील अस्पष्टता ही त्याच्या वहींतील चूक ठरते.

मधोमध चांगलें आणि कडेला वाईट, असें कां व्हावें? त्यासाठीं भिंगाचे दोष ओळखले पाहिजेत. पहिला दोष गोलीय. भिंगाचा पृष्ठभाग गोलाचा एक भाग असतो, कारण तसा आकार घांसून करणें सोपें. परंतु अशा भिंगाच्या कडेनें शिरलेले किरण मध्यभागांतून शिरलेल्या किरणांच्या अगोदरच एकत्र येतात, आणि बिंदूभोंवतीं प्रभावळ पडते. दुसरा दोष रंगाचा. कांच निळ्या किरणांना तांबड्यांपेक्षां अधिक वांकविते. म्हणून निळें चित्र एका ठिकाणीं व तांबडें दुसऱ्या ठिकाणीं पडून काळ्या फांदीला जांभळी वा हिरवी कड दिसते. हा दोष भिंगांतून जाणार नाहीं अशी न्यूटनची समजूत झाली होती, आणि म्हणून त्यानें १६६८ सालीं आरशाची दुर्बीण केली. पुढें चेस्टर मूर हॉल नांवाच्या इंग्रज वकिलानें दोन निराळ्या जातींच्या कांचा जोडून, एकीनें केलेला रंगदोष दुसरीकडून फेडून घेण्याची युक्ति काढली. युक्ति फुटूं नये म्हणून त्यानें दोन भिंगें दोन निराळ्या कारागिरांकडे दिलीं. परंतु त्या दोघांनींहि काम तिसऱ्या एकाच कारागिराकडे सोंपविलें आणि गुपित उघड झालें, अशी कथा आहे. या जोडभिंगाचें पेटंट १७५८ सालीं जॉन डॉलंड यानें मिळविलें.

उरलेले दोष मुख्यतः तिरप्या किरणांचे, म्हणजेच कडेच्या चित्राचे होत. कोठें बिंदूला धूमकेतूसारखें शेपूट फुटतें, कोठें उभ्या रेषा स्पष्ट होतात तर आडव्या पुसट राहतात, कोठें चित्राची पातळी सपाट न राहतां वाटीसारखी होते, तर कोठें सरळ रेषा वांकते. जर्मन गणिती सीडेल यानें १८५६ च्या सुमारास या दोषांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. यांतील मौज अशी कीं, एक दोष काढावयास जावें तर दुसरा वाढतो. १८४० सालीं व्हिएन्ना येथील पेट्झव्हाल या गणित्यानें माणसांच्या छायाचित्रांसाठीं जें प्रसिद्ध भिंग बसविलें, तें मध्यभागीं अतिशय रेखीव होतें आणि कडेला मऊ. एकट्या माणसाच्या तसबिरीला तें शोभून दिसे. पण त्यानें फळ्यावरील लेख मुद्रित केला असता तर आपली तक्रार तेव्हांच सुरू झाली असती. पुढें १८८४ सालीं जर्मनींतील येना गांवीं ॲबे, शॉट आणि त्साइस कारखान्याची मंडळी यांनीं नव्या जातींच्या कांचा करण्याचा उद्योग आरंभिला, आणि तेथून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ चित्र देणारीं भिंगें संभवनीय झालीं. आजच्या चांगल्या भिंगांत दहा, पंधरा, कधीं वीस कांचा असतात, त्या एकमेकींचे दोष निवारण्यासाठींच. भिंगाची किंमत वाढते ती या कांचांमुळें, आणि त्या मिलिमीटरच्या शतांशाइतक्या अचूकपणें बसविण्याच्या कसबामुळें. एखादी कांच तिळभर तिरपी बसली तर चित्राचा एकच कोपरा बिघडतो.

पण बारीक रेषा दिसणें म्हणजेच रेखीवपणा असें मात्र नव्हे. काळी रेघ काळी आणि पांढरी जागा पांढरी दिसली तर डोळ्याला चित्र रेखीव वाटतें. दोन्ही करड्या झाल्या तर रेघा मोजतां आल्या तरी चित्र निर्जीव वाटतें. याला आपण उठाव म्हणूं. आर. सी. ए. या अमेरिकन कंपनींतील ऑटो शाडे या इंजिनियरानें १९४८ च्या सुमारास दूरचित्रवाणीच्या अभ्यासांतून हेंच दाखविलें कीं, भिंग किती बारीक रेघा निराळ्या करतें या एका आंकड्यावरून चित्र कसें दिसेल हें कळत नाहीं. जाड, मध्यम व बारीक अशा प्रत्येक प्रकारच्या रेघांचा उठाव भिंग किती टिकवितें, हें पाहिलें पाहिजे. चलच्चित्राच्या बाबतींत तर हें फारच खरें आहे. हाय-डेफिनिशनला लागणारा बारकावा आजचीं बहुतेक बरीं भिंगें देतात; चांगल्या आणि साधारण भिंगांत फरक पडतो तो या उठावांत.

उठावाचा मोठा शत्रु म्हणजे कांचेवरून होणारें परावर्तन. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारें ४ टक्के प्रकाश मागें फिरतो. सहा कांचांचे बारा पृष्ठभाग धरले तर शंभरांतील एकसष्ट भागच पार होतात; झूम भिंगांतील पंधरा कांचांचे तीस पृष्ठभाग धरले तर तीस भागहि पुरे होत नाहींत. हरवलेला प्रकाश सगळाच बाहेर जात नाहीं. त्यांतील कांहीं इकडून तिकडे आदळत सेन्सरवर येतो आणि साऱ्या चित्रावर दुधाळ पडदा पसरवितो. खिडकीकडे तोंड करून चित्रण केलें असतां तो विशेष जाणवतो. १९३५ सालीं त्साइस कारखान्यांतील स्माकुला यानें कांचेवर अत्यंत पातळ लेप देऊन हें परावर्तन घटविण्याची रीत सिद्ध केली. आजच्या अनेक पदरी लेपांनीं तें एका पृष्ठामागें अर्ध्या टक्क्याच्याहि खालीं आणतां येतें. भिंगांत जांभळट-हिरवट झांक दिसते ती या लेपाची. आतां गंमत पाहा: एवढें शास्त्र खर्ची घालून केलेल्या भिंगावर आपण बोटाचा तेलकट ठसा उमटवितों, आणि तोच दुधाळ पडदा फुकटांत परत आणतों! मोबाइलच्या चित्रांतील धूसरपणाचें सर्वांत सामान्य कारण हें बोटच होय.

यानंतर भिंगाचें छिद्र. भिंगांत पडद्यासारखें लहानमोठें होणारें एक छिद्र असतें. नाभ्यंतराला त्या छिद्राच्या व्यासानें भागलें कीं एफ-आंकडा मिळतो. ५० मिलिमीटर नाभ्यंतर आणि २५ मिलिमीटर छिद्र म्हणजे एफ २. छिद्र पूर्ण उघडें असतां कडेचे खट्याळ किरण आंत येतात आणि वर सांगितलेले दोष पुरेपूर दिसतात. तें दोन-तीन पायऱ्या लहान केलें कीं साधारण भिंगहि सुधारतें, आणि स्वस्त व महाग यांतील अंतर पुष्कळ कमी होतें. महाग भिंगाची खरी परीक्षा उघड्या छिद्रावर, अपुऱ्या उजेडांत होते.

मग छिद्र अगदीं सुईएवढें कां करूं नये? कारण तेथें निसर्ग आडवा येतो. प्रकाश हा लाटांचा बनलेला असल्यामुळें लहान छिद्रांतून जातांना तो फांकतो. यास विवर्तन म्हणतात. त्यामुळें बिंदूची जी टिकली होते तिचें गणित जॉर्ज एअरी यानें १८३५ सालीं मांडलें. हिरव्या उजेडासाठीं ही टिकली एफ ८ ला मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या सुमारें ११ पट, तर एफ २२ ला सुमारें ३० पट रुंद होते. जगांतील उत्तमांतील उत्तम भिंगहि यांतून सुटत नाहीं. चलच्चित्र घेणाऱ्याला हें संकट छायाचित्रकारापेक्षां अधिक भोंवतें. चित्रांतील हालचाल सहज दिसावी म्हणून सेकंदाला २५ चित्रें घेतांना प्रत्येक चित्राला साधारणतः सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड देतात. भर उन्हांत, सेन्सरची संवेदनक्षमता १०० या आंकड्यावर ठेवली, तरी एवढ्या वेळासाठीं छिद्र एफ २२ पर्यंत मिटवावें लागतें. २४ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर फोर-केचा एक कण त्याच हजारांश मापानें सव्वासहा भरतो, आणि टिकली तीसची. म्हणजे ती जवळ जवळ पांच कणांच्या रुंदीवर पसरली! उन्हांतील चित्र घरांतल्या चित्रापेक्षां मऊ कां आलें, असें कोडें पडतें त्याचें उत्तर येथें आहे. उपाय असा कीं, भिंगासमोर काळसर पण रंगहीन कांच लावावी. एकाष्टमांश उजेड आंत सोडणारी अशी कांच लावली म्हणजे छिद्र पुन्हा एफ ८ वर आणतां येतें. ही कांच चांगल्या जातीची हवी; नाहीं तर एक दोष घालवून दुसरा विकत घेतल्यासारखें होईल.

मोबाइलचें भिंग या दृष्टीनें आश्चर्यकारक आहे. त्याचा सेन्सर नखापेक्षांहि लहान. म्हणून त्याच्या भिंगाला एका मिलिमीटरांत मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाहून कितीतरी अधिक रेघा रेखाटाव्या लागतात. सांच्यांत ओतलेल्या, गोल नसलेल्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या पांच-सात चकत्यांनीं तें काम होतें. भरपूर उजेडांत त्याचें चित्र पाहून कोणीहि चकित व्हावें. परंतु बोटांनीं पडदा ताणून चित्र जवळ आणलें कीं पुष्कळदां भिंग कांहींच करीत नाहीं. यंत्र केवळ मधला तुकडा कापून फुगवितें. तसेंच अंधारांत दाण्यासारखी खरखर पुसतांना यंत्र बारकावाहि पुसून टाकतें आणि मग कडा गडद करून रेखीवपणाचा आव आणतें. केसांभोंवतीं पांढरी किनार दिसली तर समजावें कीं हें सोंग आहे.

भिंगाच्या माथीं न मारण्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. कॅमेरा हातांत हालला, माणूस वेगानें फिरला, किंवा फोकस नाकाऐवजीं मागच्या भिंतीवर बसला, तर कोणतेंहि भिंग तारूं शकत नाहीं. छायाचित्रासाठीं केलेलें झूम भिंग दूरचें जवळ आणतांना पुष्कळदां फोकस सोडतें. चलच्चित्रासाठीं मुद्दाम केलेलीं भिंगें तो धरून ठेवतात, आणि त्यांची किंमत बऱ्याच अंशीं या गुणाची असते. पाठविण्याच्या सोयीसाठीं चित्र आकुंचित केलें कीं पानें, गवत, गर्दी यांचा चिखल होतो. उलट भिंग फार तीक्ष्ण आणि चित्रकण विरळ असे असतां बारीक रेघांच्या शर्टावर किंवा इरकली साडीच्या चौकड्यांवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा नाचूं लागतात. म्हणून कित्येक कॅमेऱ्यांत चित्र किंचित मऊ करणारी गाळणी मुद्दामच बसविलेली असते. सारांश, रेखीवपणा ही सांखळी आहे. भिंग तिची पहिली कडी खरी, पण एकुलती एक कडी नव्हे.

आपल्या भिंगाची परीक्षा घरींच करतां येते. वर्तमानपत्राचीं पानें भिंतीवर सपाट चिकटवून सारी चौकट त्यांनीं भरावी. कॅमेरा तिवईवर भिंतीशीं अगदीं समांतर ठेवावा, आणि एफ २.८ पासून एफ २२ पर्यंत प्रत्येक छिद्रावर दहा दहा सेकंद चित्रण करावें. मग मोठ्या पडद्यावर मधला भाग आणि चारहि कोपरे पाहावे. चारहि कोपरे सारखेच मऊ असतील तर तो भिंगाचा स्वभाव. एकच कोपरा वाईट असेल आणि कॅमेरा तिरपा नसेल, तर कांच तिरपी बसली आहे, तें भिंग परत करावें. ज्या छिद्रावर कोपऱ्यांतील अनुस्वार स्वच्छ दिसतात, तो आंकडा लिहून ठेवावा. पाठ मुद्रित करतांना तोच वापरावा. फळा चित्रित करणाऱ्यांनीं शक्य तर अर्धाच फळा चौकटींत घ्यावा, लेखन मध्यभागीं करावें, आणि खिडकी पाठीशीं नव्हे, बाजूला ठेवावी. एवढ्यानें जो लाभ होतो तो नव्या कॅमेऱ्यानेंहि सहसा होत नाहीं.

शेवटीं निगेबद्दल दोन शब्द. मुंबई, कोंकण आणि गोवा येथील पावसाळी हवा भिंगाची वैरीण आहे. दमट आणि अंधाऱ्या कपाटांत चामडी पिशवींत ठेवलेल्या भिंगाच्या आंत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे प्रथम उठाव घालवितात आणि पुढें लेपच खाऊन टाकतात. म्हणून पावसाळ्यांत भिंग घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. पुड्यांतील निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते गरम करून पुन्हा कोरडे करावे. आठवड्यांतून एकदां भिंग बाहेर काढून वापरावें, हें सर्वांत उत्तम. धूळ आधीं हवेच्या फुग्यानें उडवावी आणि मगच मऊ कापडानें पुसावें. धोतराच्या सोग्यानें किंवा पदरानें कधींहि पुसूं नये, कारण धुळींतील वाळूचे कण लेपावर ओरखडे काढतात.

कॅमेरे दर दोन-चार वर्षांनीं बदलतात. चांगलें आणि नीट जपलेलें भिंग एका पिढीचें काम करून दुसऱ्या पिढीच्या हातीं जातें. तेव्हां पैसा मोजका असेल तर प्रथम तिवई, उजेड आणि भिंगाची स्वच्छता यांकडे पाहावें, मग भिंगाकडे, आणि चित्रकणांच्या संख्येकडे सर्वांच्या शेवटीं. घरांतील वृद्ध माणसांचें बोलणें मुद्रित करून ठेवण्याचें आपल्या मनांत असेल, तर त्यांना खिडकीच्या बाजूच्या उजेडांत बसवावें, भिंग पुसावें, फोकस डोळ्यांवर धरावा आणि आजच आरंभ करावा. अधिक चांगला कॅमेरा पुढच्या वर्षीं मिळेल. तो प्रसंग मिळेलच असें नाहीं.